एका दिवसात किती ठिकाणं?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि मुलं यांना घेऊन पुण्याहून गाडीने निघायचंय. वाटेवरची जरा वेगळी ठिकाणं दाखवायची आहेत. एका दिवसात किती जमतील?

उत्तर : एकच ठेवा, आणि ते निघोज असू द्या. अशा सहली फसतात त्या बहुधा ठिकाणांची संख्या वाढवल्यामुळे. तासन्‌तास बसून ज्येष्ठांचे पाय सुजतात, गुडघे आखडतात. शिवाय वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने ते पाणीच पीत नाहीत. निघोज शिरूरपासून जवळ आहे. तिथे कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा बेसॉल्ट वर्षानुवर्षं घासून खोल, गुळगुळीत रांजणखळगे कोरले आहेत. काहींच्या तळाशी ते गोटे आजही दिसतात. मुलांना ते शोधू द्या, पण हात धरून. काठ निसरडे असतात आणि खळगे खोल. पावसाळ्यात तर पात्रात उतरूच नये.

‘आईला देवदर्शनच हवं असतं,’ असं तुम्ही म्हणाल. मळगंगेचं मंदिर त्याच काठावर आहे. एका ठिकाणाने मुलं कंटाळतील, ही शंकाही मला पटत नाही. मुलं गाडीत कंटाळतात, दगड-पाण्यात नाही. लोणारचं विवर अद्भुत आहे खरं, पण पुण्याहून ते लांब पडतं आणि तळाशी जायची उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते. तिकडे मुक्कामाच्या तयारीनेच जा. निघोजला मात्र सकाळी लवकर निघा, तासाभराने थांबून सगळ्यांना पाय मोकळे करू द्या आणि आई-बाबांच्या औषधांची पिशवी डिकीत न टाकता हाताशी ठेवा.