एकदां मिळालेलें तारण हरपतें काय?

दर वर्षीं मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरांत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, आणि ती उलगडल्यावर आसपासच्या मंडळ्यांतून आम्हांकडे एकाच तऱ्हेचा प्रश्न येतो. यंदाहि आला. एका खेड्यांतील बंधु, वयानें तिशीच्या आंतला. त्याचें लेंकरूं पंधरा दिवस तापानें फणफणत होतें. घरांतील म्हाताऱ्या माणसांनीं नवस केला. लेंकरूं बरें झालें तेव्हां तो त्यांच्याबरोबर यात्रेस गेला व त्यानें नारळ फोडला. त्या दिवसापासून तो उपासनेस येत नाहीं. मंडळीचे वडील विचारतात: याचें तारण गेलें काय? आणि उद्यां तो परत आला तर त्याचा पुन्हां बाप्तिस्मा करावा काय?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें आमच्या लोकांनीं ऐकलेलीं आहेत, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. ज्या अमेरिकन मिशनाचें काम १८१३ सालीं मुंबईंत सुरू झालें व १८६० नंतरच्या दशकांत सोलापुरास पोहोंचलें, त्याचे पहिले मिशनरी कॅल्विनच्या परंपरेंतले होते. हॉलंडांत डॉर्ट येथें १६१८-१९ सालीं भरलेल्या धर्मसभेनें ठरविलें होतें कीं, देव आपल्या निवडलेल्यांस शेवटपर्यंत राखितो. उलटपक्षीं मेथडिस्ट बंधु, ज्यांचें काम मुंबईंत १८७१ सालीं विल्यम टेलर यांनीं आरंभिलें, ते जॉन वेस्लीस अनुसरून शिकवितात कीं, विश्वास टाकणारा मनुष्य कृपेपासून खरोखर ढळूं शकतो. वचनें दोन्हीं पक्षांकडे आहेत. एकाकडे योहान १०:२८, दुसऱ्याकडे इब्री ६:४-६.

हा वाद केवळ आमच्याच घरचा आहे असें समजूं नये. दक्षिणेंतील श्रीवैष्णव आचार्यांतहि रामानुजाचार्यांच्या मागून असाच भेद पडला. एक पक्ष म्हणे, वानरीचें पिलूं आईच्या पोटास घट्ट बिलगतें तसें भक्तानें देवास धरावें; दुसरा म्हणे, मांजरी पिलास तोंडांत धरून नेते, पिलानें कांहीं करावयाचें नसतें. शुभवर्तमान वाचतांना आम्हांस मांजरीचा दृष्टांत अधिक जवळचा वाटतो. उत्तम मेंढपाळाच्या हातांतून मेंढरांस कोणी हिसकावूं शकत नाहीं असें प्रभु सांगतो. मेंढरांची पकड तेथें हिशेबांत धरलेलीच नाहीं. आमच्या माळरानावरील धनगरास विचारा, सांजवेळीं तो मेंढरें मोजतो कीं मेंढरें त्याला मोजतात! तथापि आधल्याच वचनांत हीं मेंढरें त्याची वाणी ऐकतात व त्याच्यामागें चालतात असेंहि आहे. न ऐकतां, न चालतां सुरक्षित राहण्याचें अभिवचन कोणास दिलेलें नाहीं.

मग धरणारा जर देव आहे, तर पवित्र शास्त्रांत इतके इशारे कशासाठीं? प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७ उघडावा. या प्रश्नावर त्याहून उघड धडा आम्हांस ठाऊक नाहीं. वादळांत सांपडलेल्या तारवांत २७६ माणसें होतीं. देवाच्या दूतानें पौलाला सांगितलें कीं, एकाचाहि जीव जाणार नाहीं, आणि पौलानें तें सर्वांस कळविलें. पुढें खलाशी मचवा खालीं सोडून पळूं लागले. तेव्हां तोच पौल शताधिपतीस म्हणाला कीं, हे तारवांत राहिले नाहींत तर तुमचा बचाव होणार नाहीं. आतां अभिवचन खोटें कीं इशारा खोटा? दोन्हीं खरीं. शिपायांनीं मचव्याचे दोर कापले, खलाशी तारवांतच राहिले, आणि सर्व जण किनाऱ्यास लागले. इशाऱ्याच्या द्वारेंच देवानें आपलें अभिवचन पाळिलें. इब्री पत्राचा सहावा अध्याय याच रीतीनें वाचावा. तो भयंकर आहे व त्याची धार बोथट करणें आम्हांस मान्य नाहीं. पण नवव्या वचनांत लेखक त्याच वाचकांविषयीं चांगल्या गोष्टींची खातरी बाळगतो.

शिवाय कोणी तारण गमावलें असें म्हणण्यापूर्वीं, त्यास तें मिळालें होतें कीं नाहीं हें आपणांस कोठें ठाऊक असतें? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यांनीं मागाहून स्वतःच सांगितलें कीं, तेव्हां आपल्या हातीं धर्म लागला, पण ख्रिस्ताची ओळख झाली नव्हती. तीस आणखी सुमारें आठ वर्षें लागलीं. मंडळीच्या वहींत कोणाचें नांव आहे तें आम्ही पाहूं शकतों. जीवनाच्या पुस्तकाचीं पानें आमच्या हातीं नाहींत.

आतां त्या बंधूविषयीं. पुन्हां बाप्तिस्मा करूं नये. पेत्रानें प्रभूला तीनदां नाकारलें. प्रभूनें त्यास पुन्हां पाण्यांत उतरविलें नाहीं, प्रीतीविषयीं तीनदां विचारलें व मेंढरें त्याच्या स्वाधीन केलीं. त्या बंधूनें कांहीं काळ प्रभुभोजनापासून दूर राहावें असें मंडळीनें ठरविणें योग्य होईल. घडलें तें क्षुल्लक होतें असें त्यास वाटूं देणें ही दया नव्हे. तारण हरपत नाहीं म्हणून त्याला झोंपूं देणें, किंवा हरपलें म्हणून त्याची आशा तोडणें, हे दोन्ही सोपे मार्ग आहेत. दोहोंतहि त्याच्या घरीं जावें लागत नाहीं.

उपदेशकबंधूनें मात्र येत्या रविवारची वाट न पाहतां त्याच्या घरीं जावें. लेंकराची आजी तेथें असेल. तिच्याशीं वाद घालूं नये. पाप, पश्चात्ताप, इब्री पत्र हें सर्व मागाहून. आधीं लेंकराचा ताप पुन्हां आला काय, तें नीट जेवतें काय, हें विचारावें, व बापाच्या देखत त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. त्या पंधरा रात्रींत मंडळीपैकीं कोणी त्याच्या उशाशीं बसावयास गेलें होतें काय, हें वडिलांनीं आपल्या पत्रांत कळविलेलें नाहीं.