जुन्या यंत्रासाठीं नवा पट्टा

गोठ्याच्या वळचणीला गंजत पडलेलें कडबा कापण्याचें यंत्र आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याचें चाक शाबूत असतें, पातीं धार लावण्याजोगीं असतात, इंजिनहि चालतें. परंतु पट्टा तुटला, तसला दुकानांत मिळेना, म्हणून सगळें यंत्र भंगारांत निघतें. नवें यंत्र घेणें ज्याला परवडत नाहीं, त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही हानि लहान नव्हे.

पट्ट्याचें कार्य समजण्यास चरख्यासारखें दुसरें साधन नाहीं, आणि चरखा म्हटला कीं सेवाग्रामचें स्मरण होतेंच. महात्मा गांधी १९३६ सालीं ज्या शेगांवीं राहावयास आले, त्याचेंच नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. चरख्याचें मोठें चाक व बारीक चाती यांना जोडणारी सुताची दोरी ती माळ. चाकाचा एक फेरा होतो तों चातीचे कितीएक फेरे होतात. माळ झिजली कीं कातणारा सुताचे पदर एकत्र पिळून दुसरी वळतो. तिचें माप त्याला चरखाच सांगतो. अखिल भारत चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. तो चरखा वीस वर्षें टिकावा व दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचाहून अधिक नसावा, अशी त्यांत अट होती. तें पारितोषिक कोणासहि मिळालें नाहीं. पण यंत्राची परीक्षा त्याच्या दुरुस्तीवरून करावी, हा विचार आजहि मोलाचा आहे.

मोठ्या यंत्रासहि हाच न्याय लागू पडतो. जुन्या इंजिनांना बहुधा चामड्याचा किंवा रबर-कॅनव्हासचा सपाट पट्टा असे. रुंदी व जाडी जुळली म्हणजे असा पट्टा हवा तेवढा कापून टोकें सांधतां येतात. म्हणून यंत्राचें नांव सांगत दुकानें धुंडाळण्यापेक्षां माप घेऊन जावें. जुना पट्टा मात्र मापूं नये. तो ताणलेला असतो. दोन्ही पुल्यांच्या व्यासांची बेरीज ११ नें गुणून ७ नें भागावी व त्यांत मध्यबिंदूंमधील अंतराची दुप्पट मिळवावी. समजा, इंजिनाची पुली १० इंच, यंत्राची २० इंच आणि अंतर १० फूट आहे. तर ४७ अधिक २४०, म्हणजे सुमारें २८७ इंच, अर्थात् २३ फूट ११ इंच पट्टा लागेल. टोकें एकमेकांवर चढवून सांधावयाचीं असल्यास तेवढी लांबी अधिक घ्यावी. येथें इंजिनाचे ६५० फेरे होतील तेव्हां यंत्राचे ३२५ होतील. यास्तव पुली बदलतांना वेगाचा हिशेब अवश्य करावा.

दुसरा प्रकार व्ही-पट्ट्याचा. अमेरिकेंत जॉन गेट्स यांनीं तो १९१७ सालीं तयार केला. हा पट्टा खोबणींत पाचरीसारखा रुततो. तो तळाला टेकला तर कडांची पकड जाते. बी जातीच्या पट्ट्याची रुंदी १७ व जाडी ११ मिलिमीटर असते, आणि ‘बी-६०’ यांतील ६० म्हणजे त्याची आंतील लांबी इंचांत. खोबणींच्या कांठावरून दोरी फिरवून आलेल्या मापांतून सुमारें पावणेतीन इंच वजा केले कीं हा आंकडा मिळतो. एकाच पुलीवर अनेक पट्टे असतील तर ते सर्व एकदम बदलावे; नाहीं तर नव्या पट्ट्यावरच सारा भार पडतो.

पट्टा घसरूं लागला कीं त्यावर राळ टाकण्याची चाल आहे. तिनें चामडें सुकून तडकतें. ताण योग्य ठेवणें हाच खरा उपाय. मात्र अति ताणानें बेअरिंगें झिजतात. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, इंजिन पूर्ण थांबल्यावांचून पट्ट्याला हात लावूं नये. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा मोकळे केस पट्ट्यांत सांपडले तर हात मागें घेण्यासहि वेळ मिळत नाहीं. पट्ट्याभोंवतीं जाळी बसविणें हें प्रत्येक घरधन्याचें कर्तव्य होय.

पालकांस विनंति कीं, येत्या सुटींत मुलांकडून घरच्या बंद यंत्राचें माप घेववावें. पुल्यांचे व्यास, अंतर व पट्ट्याची रुंदी हे आंकडे यंत्राच्याच अंगावर रंगानें लिहून ठेवावे. पुढें पट्टा तुटला तरी यंत्र अडून बसणार नाहीं, आणि शाळेंत शिकलेलें वर्तुळाचें गणित घरच्या गोठ्यांत उपयोगी पडेल.