चार इंजिनांचं 'गजराज' : मॉडेल बनवण्याआधीचा हिशोब

मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात असल्यामुळे वायुसेना आपल्याला परकी नाही. १९८५ साली वायुसेनेत दाखल झालेलं आयएल-७६, म्हणजेच 'गजराज', हे चार इंजिनांचं अवाढव्य मालवाहू विमान. त्याचं रेडिओ कंट्रोल मॉडेल करायचं तर फक्त सगळी मापं २० ने भागली की झालं, असं वाटतं. पण फसगत तिथेच होते.

वजन आधी ठरवा

मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ५०.५ मीटर, क्षेत्रफळ ३०० चौ.मी. आणि उड्डाणाचं कमाल वजन सुमारे १९० टन. १:२० प्रमाणात पंख अडीच मीटरचे होतात. क्षेत्रफळ ४०० ने भागलं जातं, म्हणजे ०.७५ चौ.मी. वजन मात्र ८००० ने भागलं तरी २४ किलो उरतं! एवढं वजन या पंखावर घातलं तर मॉडेल दगडासारखं उतरेल. म्हणून लक्ष्य ठेवा ६ किलो. थर्माकोलचे पंख, आत कार्बन रॉड आणि जिथे जोर येतो तिथेच प्लायवुड. शेपूट टी आकाराची असल्याने उभा भाग भक्कम हवा, नाहीतर वरचा आडवा पंख थरथरतो.

लिफ्ट कोएफिशियंट १ धरला तर ६ किलोला तग धरायला ताशी ४१ कि.मी. वेग लागतो. पण ही झाली पुस्तकातली हवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांना हवेची घनता १.२२५ वरून १.०७ च्या आसपास येते आणि तोच वेग ४४ होतो. त्यामुळे उडवायचं ते सकाळी.

चार मोटर, एक बॅटरी?

७० मि.मी. चे चार डक्टेड फॅन घेतले आणि प्रत्येकी १.२ किलो थ्रस्ट व ४० अँपिअर धरले, तर एकूण १६० अँपिअर. ५००० एमएएचच्या दोन फोर-सेल बॅटऱ्या समांतर जोडल्या तरी फुल थ्रॉटलवर पावणेचार मिनिटंच मिळतात. म्हणून टायमर तीन मिनिटांवर लावा.

प्रत्येक मोटरला स्वतंत्र ईएससी द्या. चौघांचं थ्रॉटल कॅलिब्रेशन एकदम करा. चारही बीईसी एकत्र रिसीव्हरला जोडू नका. तिघांची लाल वायर काढून ठेवा, किंवा वेगळा बीईसी लावा. नंतर मॉडेल घट्ट बांधून क्लॅम्प मीटरने प्रत्येकीचा करंट मोजा.

एक मोटर बंद पडली तर?

बाहेरची मोटर मध्यरेषेपासून ५५ से.मी. वर असली तर तिच्या जोडीदाराचा ०.६६ किलो-मीटरचा मोमेंट विमानाला एका बाजूला वळवतो. घाबरून थ्रॉटल वाढवलं की ते उलटतं. आधी थ्रॉटल कमी, नाक खाली, मग रडर. हा क्रम जमिनीवरच पाठ करा.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं : सहा किलोचं मॉडेल कोणाच्या डोक्यावर पडलं तर ती गंमत राहत नाही. शिवाय ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ कि.मी. च्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि सोनेगाव विमानतळ तर शहरातच आहे. होस्टेलच्या गच्चीचा विचार सोडा. गावाबाहेरचं मोकळं मैदान शोधा, नकाशा तपासा, सरांना सोबत घ्या.

मेकॅनिकलवाल्यांनी पंख, इलेक्ट्रिकलवाल्यांनी वायरिंग आणि एकाने फक्त वजनाची वही सांभाळली, तर गजराज नक्की उडेल!