प्रीमियर लीगच्या खालीही फुटबॉलची नोकरी असते

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातला मुलगा क्लबच्या अकादमीत गेला, की आईवडिलांना अभिमान वाटतो आणि धास्तीही. प्रीमियर लीगपर्यंत पोचला नाही तर? त्यांना आधी एवढंच सांगावंसं वाटतं, की प्रीमियर लीगच्या 20 क्लबांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मिळून 72 क्लब आहेत आणि तिथेही फुटबॉल हा पूर्णवेळ पेशा आहे.

सोळाव्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते. त्यात सरावासोबत शिक्षणही असतं. अठराव्या वर्षी क्लब करार देतो किंवा मुलाला सोडून देतो. बहुतेक मुलांना सोडलंच जातं, हे मुलाला आधीपासून माहीत असू द्या.

करार मिळाला तरी खालच्या डिव्हिजनमध्ये तो बहुधा वर्षा-दोन वर्षांचा असतो. मे महिन्यात सीझन संपला की कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं याची यादी क्लब जाहीर करतो. करार 30 जूनला संपतो. बायको आणि शाळेत जाणारी मुलं असलेला तिशीतला बचावपटू त्या आठवड्यांत एजंटच्या फोनकडे डोळे लावून बसतो. फोन आलाच, तर अनोळखी गावात भाड्याचं घर आणि मुलांसाठी नवी शाळा शोधायची.

रिकी लॅम्बर्टला ब्लॅकपूलने सोडलं, तेव्हा बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावून त्याने दिवस काढले. 2013 मध्ये, 31 व्या वर्षी, इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात त्याने स्कॉटलंडविरुद्ध गोल केला. मुलाला तो गोल जरूर दाखवा, पण त्याआधीची मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट आणि रॉचडेलमधली वर्षंही सांगा. माझ्या मते खरं करिअर तेच आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतातून थेट जाणाऱ्यांपुढे वर्क परमिटची मोठी अडचण असते. 1999 मध्ये बायचुंग भुतिया बरी क्लबकडून खेळायला गेला होता. त्याच बरीला आर्थिक दुरवस्थेमुळे 2019 मध्ये लीगमधून काढून टाकलं. म्हणजे खेळाडूचा फॉर्म उत्तम असला तरी क्लबच बुडू शकतो.

म्हणून अभ्यास सोडू देऊ नका. 1907 पासून असलेली पीएफए ही खेळाडूंची संघटना शिक्षणाला मदत करते. सॅलफर्ड विद्यापीठातून फिजिओथेरपिस्ट झालेले माजी खेळाडूही आहेत. सही करण्याआधी क्लबला थेट विचारा: दुखापत झाली तर पगार किती दिवस चालू राहील आणि कॉलेजसाठी आठवड्यातले कोणते तास मोकळे मिळतील?