मागे येणारे 'अप' आणि 'ऑफ'
संस्कृतच्या तासाला आपण आहार, विहार, प्रहार, संहार शिकलो. पोलिश भाषेतही तसेच: 'दाच' म्हणजे देणे, 'ओद्दाच' म्हणजे परत देणे, 'पोद्दाच शे' म्हणजे शरण जाणे. उपसर्ग पुढे आणि कायमचा चिकटलेला. इंग्रजीत मात्र 'गिव्ह बॅक', 'गिव्ह अप' असे शब्द मागे येतात, आणि पुष्कळदा सुटेही होतात. इथे पोलिश मुले गोंधळतात, आपणही. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर. पण 'इट' मधेच बसते, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' लिहिले की गुण गेलेच! 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'लुक आफ्टर हिम'. आणि 'क्लोज द फॅन'? मराठीत दारही बंद करतात, पंखाही; इंग्रजीत 'क्लोज' फक्त दाराला. पालकांनी पंखा बंद करताना मुलांकडून एवढे वदवून घ्यावे. बाकीचे आम्ही वर्गात पाहतो.