कोळंबी व पास्ता : एक पाकपाठ

पाकशास्त्र हा केवळ मुलींचा विषय होय, ही समजूत आतां सोडून द्यावयास हवी. पुढें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं ज्यास घर सोडावें लागेल, त्या प्रत्येक विद्यार्थ्यास चार पदार्थ करतां आले पाहिजेत. म्हणून कोळंबी घालून पास्ता कसा करावा, हें आम्ही येथें सांगत आहों. सोमवारीं व श्रावणांत ज्या घरीं मासळी वर्ज्य असते, त्यांनीं अर्थातच दुसरा दिवस निवडावा.

पास्ता मूळचा इटलीचा. तथापि तो आपल्या शेवयांचाच भाऊबंद होय. त्याचा गहूं कठीण दाण्याचा असतो. महाराष्ट्रांत पिकणारा बन्सी गहूं त्याच जातीचा आहे. त्यांतील प्रथिनांचें जाळें घट्ट असल्यामुळें उकळत्या पाण्यांतहि पास्त्याचा लगदा होत नाहीं.

आतां कोळंबीकडे वळूं. वालधुनीच्या कांठीं शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख धारण करणारें आपलें शिवमंदिर ज्या अंबरनाथांत उभें आहे, तें गांव समुद्रापासून दूर आहे. म्हणून येथें कोळंबी पारखूनच घ्यावी. कवच तकतकीत, मांस घट्ट व डोकें धडाशीं पक्कें असावें. अमोनियासारखा उग्र दर्प आल्यास ती घेऊं नये. घरीं आणल्यावर ती थंड जागीं ठेवून त्याच दिवशीं शिजवावी.

चार माणसांसाठीं पाव किलो सोललेली कोळंबी, ३०० ग्रॅम पास्ता, तीन टोमॅटो, सहा लसणीच्या पाकळ्या, एक मिरची व तीन मोठे चमचे तेल घ्यावें. कोळंबीच्या पाठींतील काळा दोरा काढून टाकावा. धुतलेलीं कवचें पेलाभर पाण्यांत दहा मिनिटें उकळून तें पाणी गाळून ठेवावें. तीन लिटर पाण्यांत दोन मोठे चमचे मीठ घालून पास्ता उकळावा व वेष्टनावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीं उतरवावा. त्याचें पेलाभर पाणी राखून ठेवावें.

दुसरीकडे कढईंत तेलावर लसूण मंद परतावी. तींत मीठमिरी लावलेली कोळंबी दोन्ही बाजूंनीं सुमारें एक एक मिनिट परतून बाजूस काढावी. त्याच तेलांत टोमॅटो व मिरची शिजवावीं आणि कवचांचें पाणी घालून आटवावें. मग पास्ता व त्याचें थोडें पाणी घालावें. त्या पाण्यांतील पिष्टामुळें रस मिळून येतो. शेवटीं कोळंबी, लिंबू व कोथिंबीर घालून कढई उतरवावी.

करडी कोळंबी तांबूस कां होते? तिच्या अंगीं ॲस्टाझॅन्थिन नांवाचें तांबडें द्रव्य असतें. कच्चेपणीं तें प्रथिनाशीं जखडलेलें असल्यामुळें दिसत नाहीं. उष्णतेनें प्रथिनाची घडी मोडते आणि मूळ रंग प्रकट होतो. मांस पांढरें, अपारदर्शक व आकार अर्धचंद्रासारखा झाला कीं कोळंबी शिजली. तिनें पूर्ण वेटोळें घातलें, तर ती चिवट झाली असें समजावें.

परंतु, बालमित्रहो, हा तांबूस रंग शिजल्याची खूण आहे, ताजेपणाची नव्हे. शिळी कोळंबीहि तशीच तांबूस होते. तसेंच कोळंबीचें वावडें असलेल्यास ती कितीहि शिजविली तरी बाधते. कारण ज्या प्रथिनामुळें हें वावडें उद्भवतें, तें उष्णतेनें नष्ट होत नाहीं. पाहुण्यास वाढण्यापूर्वीं याविषयीं अवश्य विचारावें. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओंठ सुजले किंवा श्वास कोंडूं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

अग्नि कच्चें तें शिजवितो. पण नासलेलें तें ताजें करीत नाहीं. म्हणून उत्तम स्वयंपाकाचा आरंभ बाजारांतील पारखीपासूनच होतो. पालकांनीं एखाद्या रविवारीं मुलांस बरोबर नेऊन ही पारख शिकवावी, अशी आमची विनंति आहे.