दुकान पेन्शन देत नाही: तेजी-मंदी, आपलं मन आणि साठीनंतरची सोय



या विषयावरच्या व्हिडिओत आकडे भराभर गेले. म्हणून इथे तेच सावकाश पाहू. कागद-पेन घेऊन बसा.

नोकरी करणाऱ्याचा पीएफ पगार हातात येण्याआधीच कापला जातो. आपला कापणारं कुणी नाही. महिनाअखेरीस उरलेले पैसे नव्या मालात, फर्निचरमध्ये नाहीतर उधारीत जातात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "दुकान आहे ना, तीच माझी पेन्शन." पण दुकान चालतं ते तुम्ही काउंटरवर उभे राहता म्हणून. उद्या गुडघे दुखायला लागले, मुलांनी दुसरा मार्ग धरला, तर जुना माल आणि अडकलेली उधारी यांच्यावर किती दिवस घर चालेल?

१) आधी गरज किती ते काढा

समजा तुमचं वय ३० आहे आणि घरखर्च महिना २५,००० रुपये आहे. महागाई वर्षाला ६% धरली, तर साधारण दर १२ वर्षांनी खर्च दुप्पट होतो. (७२ ला ६ ने भागा, १२ येतात.) म्हणजे वयाच्या ६० व्या वर्षी तेच घर चालवायला महिन्याला सुमारे १ लाख ४३ हजार लागतील. आकडा पाहून घाबरू नका, पण विसरूही नका.

आता बचतीची बाजू. परतावा सरासरी १०% मिळेल असं फक्त हिशोबासाठी धरू. याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

- ३० व्या वर्षापासून महिना ५,००० : ६० व्या वर्षी सुमारे १ कोटी १३ लाख
- ४० व्या वर्षापासून महिना ५,००० : सुमारे ३८ लाख
- ३० व्या वर्षापासून ५,००० आणि दरवर्षी हप्त्यात १०% वाढ : ३ कोटींच्या वर

पहिल्या दोन ओळींत भरलेल्या पैशांचा फरक फक्त ६ लाख आहे, हातात येणाऱ्या रकमेचा मात्र ७५ लाख. १ कोटी १३ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण वरच्या खर्चाला ते साडेसहा-सात वर्षंच पुरतील. म्हणून धंदा वाढेल तसा हप्ताही वाढलाच पाहिजे.

२) दुकानात शहाणे, बाजारात उलटे

घाऊक बाजारात तूरडाळ स्वस्त झाली की आपण चार पोती जास्त उचलतो. शेअर बाजार पडला की तोच माणूस म्हणतो, "आत्ता नको, अजून पडेल." आणि सगळीकडे तेजीची चर्चा सुरू झाली की महागात घ्यायला धावतो. असं का होतं?

- नुकसान जास्त टोचतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की कमावल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं.
- कळपाची सवय. शेजारचा कमावतोय, मग मी का मागे राहू?
- कालचं तेच उद्याचं वाटणं. तेजीत वाटतं आता पडणारच नाही, मंदीत वाटतं आता उठणारच नाही.

इतिहास पाहा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० चा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो व्यवहारादरम्यान ८,००० च्याही खाली गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१,००० वर आला. २३ मार्च २०२० ला एका दिवसात सुमारे १३% पडून २६,००० च्या खाली बंद झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने पहिल्यांदा ५०,००० चा आकडा पाहिला.

म्हणजे बाजार नेहमी लवकर सावरतो का? नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक मोडायला २०२४ उजाडलं. म्हणून सगळा पैसा एकाच जागी नको, आणि साठी जवळ येईल तसा शेअरमधला हिस्सा कमी करत न्यायचा.

३) एसआयपी थांबवली तर काय होतं?

महिना ५,००० रुपये आणि पाच महिन्यांत युनिटचा भाव १००, ८०, ५०, ८०, १०० असा राहिला असं समजा.

- पाचही हप्ते भरले : २५,००० भरून ३२५ युनिट. आजची किंमत ३२,५००.
- घाबरून ५० आणि दुसऱ्यांदा ८० भाव असतानाचे हप्ते चुकवले : १५,००० भरून १६२.५ युनिट. किंमत १६,२५०.

भाव जिथे होता तिथेच परत आला, तरी एकाला ७,५०० नफा झाला आणि दुसऱ्याला १,२५०.

४) धीर कुठून आणायचा?

माझ्या प्रशिक्षण वर्गात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "मन घट्ट करा" असं सांगून काही होत नाही. मार्च २०२० आठवा. बाजार कोसळला आणि त्याच आठवड्यात बहुतेक दुकानांची शटर्स खाली आली. ज्याच्याकडे वेगळे ठेवलेले पैसे नव्हते त्याला तळाच्या भावात विकावंच लागलं, मग त्याला बाजाराचं कितीही ज्ञान असो. गल्ला रिकामा असला की धीर टिकत नाही. म्हणून पैशाचे तीन डबे करा, याच क्रमाने:

पहिला डबा, अडचणीचा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि दुकानाचं भाडं-पगार. बचत खातं किंवा एफडी. यातून माल भरायचा नाही.

दुसरा डबा, खात्रीचा. पीपीएफमध्ये वर्षाला ५०० ते १.५ लाख भरता येतात, मुदत १५ वर्षं. धंदेवाल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे देणेकऱ्याने कोर्टातून जप्तीचा आदेश आणला तरी ही रक्कम जप्त होत नाही (आयकराची थकबाकी याला अपवाद). छोट्या दुकानदारांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये एक पेन्शन योजनाही आणली: वय १८ ते ४०, उलाढाल दीड कोटींपर्यंत, आयकर न भरणारे, साठीनंतर महिना ३,०००. वरचा खर्च पाहता ही रक्कम फक्त आधाराची. सध्याचे नियम सीएससी केंद्रात विचारून घ्या.

तिसरा डबा, वाढीचा. इंडेक्स फंडातली एसआयपी किंवा एनपीएस. हप्ता महिन्याच्या ५ तारखेच्या आत खात्यातून आपोआप जाऊ द्या. भाव वर्षातून दोनदाच बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मागच्या १२ महिन्यांचा घरखर्च दुकानाच्या खर्चापासून वेगळा लिहा.
२. स्वतःचा महिन्याचा पगार ठरवा आणि त्यातला १०% "साठीनंतरचा मी" या नावाने बाजूला काढा. दुकानाचं भाडं जसं चुकवत नाही, तसा हाही चुकवायचा नाही.
३. बाजार ३०% पडला तर मी काय करीन, हे आजच एका कागदावर लिहा आणि गल्ल्यात ठेवा. पडल्यावर तोच कागद वाचायचा.

कुठला फंड, किती हिस्सा हे तुमच्या उत्पन्नावर अवलंबून आहे. त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोला, व्हॉट्सॲपवरच्या टिपवर जाऊ नका.

पुढच्या भागात दुकानाचं आणि घरचं खातं वेगळं कसं ठेवायचं ते पाहू. तोपर्यंत पहिला डबा उघडा, ५०० रुपयांनी का होईना.